निकालानंतरचे पंधरा दिवस

४ जून २०२४ ची संध्याकाळ. घराघरांत टीव्हीवर लोकसभेच्या मतमोजणीचे आकडे पळत होते आणि त्याच संध्याकाळी, ठरलेल्या तारखेच्या दहा दिवस आधी, वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’चा निकाल लागला. १४ जूनची मनाशी तयारी केलेली २३ लाखांहून अधिक मुलं मोबाइलवर आपापला अर्ज क्रमांक टाकू लागली. आदल्या वर्षी ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे दोघे होते, या वर्षी ६७ निघाले. सहाशेच्या वर गुण पाहून ज्या घरांत पहिली पाच मिनिटं आनंदाची गेली, तिथेही क्रमांक पाहिल्यावर सगळे गप्प झाले. त्या वर्षी सहाशे गुणांना देशात ८० हजारांच्या आसपासचा क्रमांक मिळत होता.

पुढचे दोन महिने हा निकाल हलत राहिला. परीक्षा केंद्रावर वेळ वाया गेला म्हणून १,५६३ जणांना वाढीव गुण दिले होते, ते रद्द झाले आणि २३ जूनला त्यांच्यासाठी फेरपरीक्षा झाली. पैकीच्या पैकीवाले ६१ उरले. मग भौतिकशास्त्रातल्या अणूवरच्या एका प्रश्नाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीप्रमाणे एक पर्याय बरोबर ठरत होता, नव्या आवृत्तीप्रमाणे दुसरा, आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने दोन्ही मान्य केले होते. न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांचं मत मागवलं. त्यांनी एकच पर्याय बरोबर ठरवला. जुलैच्या शेवटी सुधारित निकाल आला तेव्हा चार लाखांहून अधिक मुलांचे पाच-पाच गुण गेले होते आणि पूर्ण गुणवाले १७ राहिले होते.

त्या चार लाख मुलांना अणूबद्दल जे कळत होतं, ते निकाल बदलण्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच होतं. गुण बदलले, गुणांबरोबर क्रमांक बदलला आणि क्रमांकाबरोबर काहींचं कॉलेजही बदललं.

हे उदाहरण मुद्दाम आधी घेतलं, कारण प्रवेश परीक्षेत कमी गुण मिळालेल्या मुलाशी घरीदारी जे बोललं जातं, त्यात हा भाग कुठेच नसतो. बोलणं एकतर मेहनतीवर जातं (‘मोबाइल जरा कमी बघितला असता तर…’) किंवा जिद्दीवर (‘खचायचं नाही, पुन्हा उठायचं’). दोन्ही बोलण्यांच्या मुळाशी एकच समज असतो. जे घडलं ते मुलाच्या आतून घडलं, तेव्हा दुरुस्तीही त्याच्या आतच व्हायची. निराशा हा त्याच्या स्वभावातला दोष ठरतो आणि सतरा-अठरा वर्षांच्या पोरावर दुहेरी ओझं पडतं, निकालाचं आणि त्या निकालाने आपल्याला दुःख झालं याचंही. हा समज चुकीचा आहे, असं या लेखाचं म्हणणं आहे. निराशा मुख्यतः दोन गोष्टींमधून येते. एक, ज्याचा अर्थ नीट कुणी सांगितलेला नाही असा आकडा. दुसरी, त्या आकड्यासमोर मुलाचं एकटं पडणं. दोन्हींवर उपाय आहेत आणि त्यातले बरेचसे मुलाच्या हाती नसून भोवतालच्या माणसांच्या हाती आहेत.

आधी आकडा.

देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास सरकारी महाविद्यालयांतल्या, म्हणजे मध्यमवर्गीय घराला परवडतील अशा. परीक्षेला बसणारे बावीस-तेवीस लाख. सगळ्या मुलांनी उद्यापासून दुप्पट अभ्यास केला तरी बाहेर राहणाऱ्यांची संख्या एकानेही कमी होणार नाही, फक्त कटऑफ वर सरकेल. एखाद्या मुलाबाबत ‘अभ्यास कमी पडला’ हे खरं असू शकतं. वीस लाख मुलांबाबत ते खरं असू शकत नाही. त्यांना बाहेर ठेवण्याचं काम जागांची संख्या करते.

गुणांचंही तसंच. २०२५ मध्ये याच परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण होते आणि सहाशेच्या वर गेलेली मुलं देशभरात सुमारे तेराशे होती. म्हणजे एका वर्षी सहाशे गुणांवर ८० हजारांच्या आसपास असलेला मुलगा दुसऱ्या वर्षी तेवढ्याच गुणांवर पहिल्या दीड हजारांत बसला असता. पेपर अवघड निघाला की गुण घसरतात, सोपा निघाला की क्रमांक घसरतो. महाराष्ट्राच्या सीईटीत तर गुणांऐवजी पर्सेंटाइलच हाती येतो, आणि नव्वद पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के नव्हेत हे अनेक आजी-आजोबांना, काही पालकांनाही, शेवटपर्यंत कळत नाही. पर्सेंटाइल सांगतो ते एवढंच, की शंभरातले किती जण तुमच्या मागे आहेत. त्या शंभर जणांत कोण होतं, कोणत्या दिवशीचा पेपर वाट्याला आला, हे मुलाने ठरवलेलं नसतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये एका सत्रातल्या गणिताच्या २१ प्रश्नांमध्ये चुका निघाल्या आणि सत्तावीस हजारांवर मुलांना ५ मे रोजी पुन्हा परीक्षेला बसावं लागलं.

यावरून परीक्षा निरर्थक आहेत असं कुणी समजू नये. तीन तासांत घाई न करता विचार करणं, दोन वर्षांचा अभ्यास लक्षात ठेवणं, या खऱ्या क्षमता आहेत आणि या परीक्षा त्या काही प्रमाणात मोजतात. पण त्या अंशतः मोजतात, तुलनेने मोजतात आणि एकाच दिवशी मोजतात. ‘तुला इतके गुण पडले’ या वाक्यापासून ‘तू इतकाच आहेस’ या वाक्यापर्यंत पोचायला आपल्या समाजाला फार वेळ लागत नाही, आणि ही सवय जुनी आहे.

मुंबई विद्यापीठाने १८५९ साली पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा घेतली. शंभराहून अधिक मुलं बसली, उत्तीर्ण झालेले पंचविशीच्या आत होते. महादेव गोविंद रानडे त्यांच्यातले एक. मॅट्रिक ही मुळात विद्यापीठाची प्रवेश परीक्षाच होती, शाळा संपल्याचा दाखला हा अर्थ तिला नंतर चिकटला. पुढच्या शंभर वर्षांत मराठीत तिच्यातून एक शब्द तयार झाला, ‘नॉनमॅट्रिक’. कुणी दहा वर्षं उत्तम हिशेब ठेवले, मिलमध्ये खाती सांभाळली, चार भावंडांची शिक्षणं केली, तरी स्थळाच्या पत्रात तो नॉनमॅट्रिक. जे जमलं नाही तीच त्याची ओळख झाली. आज ‘रिपीटर’ आणि ‘ड्रॉपर’ हे शब्द त्याच जागी आले आहेत. जपानमध्ये पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या मुलांना ‘रोनिन’ म्हणतात, म्हणजे धनी नसलेला सामुराई. त्या शब्दात भटकंती आहे, पण तो माणूस योद्धा आहे हेही त्यात शिल्लक आहे. ‘रिपीटर’मध्ये तसं काही शिल्लक नाही.

आता मुलाचं एकटं पडणं. त्यासाठी निकालानंतर त्याला हमखास ऐकवल्या जाणाऱ्या गोष्टींकडे जरा थांबून पाहायला हवं. आईनस्टाईन प्रवेश परीक्षेत नापास झाला होता. रामानुजन कॉलेजात नापास झाले होते. अब्दुल कलाम वायुदलाच्या निवडीत मागे पडले होते. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या अर्ध्याच सांगितल्या जातात आणि सुटलेला अर्धा भागच कामाचा असतो.

आईनस्टाईनने १८९५ साली झुरिकच्या पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा दिली तेव्हा त्याचं वय सोळा होतं, इतर उमेदवारांपेक्षा दोनेक वर्षांनी कमी. म्युनिकची शाळा त्याने मध्येच सोडली होती. गणित आणि भौतिकशास्त्रात त्याने चमक दाखवली आणि भाषा व इतर विषयांत तो मागे पडला. मुलांना सांगितली जाणारी गोष्ट इथून थेट सापेक्षतावादाकडे उडी मारते. मधल्या वर्षात काय झालं? भौतिकशास्त्राचे प्राध्यापक हाइनरिख वेबर यांनी, तो झुरिकला राहणार असेल तर आपल्या तासांना बसायची परवानगी देऊ केली. संस्थेचे प्रमुख आल्बिन हेरत्सोग यांनी सुचवलं, की आराऊ गावच्या शाळेत एक वर्ष पूर्ण कर आणि मग ये. आराऊला तो योस्ट विंटेलर या शिक्षकाच्या घरी राहिला. ते घर भरलेलं होतं, जेवताना चर्चा व्हायच्या, आणि त्या शाळेत पाठांतरापेक्षा स्वतः पाहून समजून घेण्यावर भर होता. वर्षभराने शाळेचा दाखला मिळाला आणि त्या दाखल्यावर १८९६ साली त्याला पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळाला. ती परीक्षा त्याला पुन्हा द्यावी लागली नाही. नापास झालेल्या मुलाला एका प्राध्यापकाने ओळखलं, एका प्रमुखाने दुसरा रस्ता दाखवला आणि एका कुटुंबाने जेवायला आपल्यात बसवलं, हा या गोष्टीचा मधला भाग.

रामानुजन यांची गोष्ट अधिक जवळची आणि अधिक दुखरी. १९०४ साली कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली आणि गणिताखेरीज बाकी विषयांत नापास झाल्याने ती गेली. १९०५ मध्ये ते घर सोडून विशाखापट्टणमकडे निघून गेले. पुढे मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि तिथेही एफ.ए.च्या परीक्षेत ते दोनदा अनुत्तीर्ण झाले. त्यानंतरची काही वर्षं शिकवण्या शोधण्यात आणि हलाखीत गेली. प्रेरणादायी भाषणांमध्ये या वर्षांना ‘संघर्ष’ असा एकच शब्द मिळतो. ती वर्षं संपली कशी, हे मात्र पाहण्यासारखं आहे. डेप्युटी कलेक्टर असलेले व्ही. रामस्वामी अय्यर यांनी त्यांच्या वह्या पाहिल्या आणि पुढे चिठ्ठ्या दिल्या. (अय्यर हे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक.) नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी काही काळ दरमहा २५ रुपये दिले. १९१२ साली मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांची कारकुनी मिळाली आणि तिथले नारायण अय्यर संध्याकाळी त्यांच्याबरोबर गणित करायला बसू लागले. गणितज्ञ हार्डी यांना पाठवलेलं प्रसिद्ध पत्र जानेवारी १९१३ चं आहे. त्या पत्राआधी तीन-चार माणसांनी हात दिलेला होता.

कलाम यांचंही असंच. १९५८ साली डेहराडूनला २५ उमेदवारांत ते नववे आले आणि निवड आठांची झाली. त्याच सुमारास त्यांनी दिल्लीत दुसरी मुलाखत दिलेली होती आणि ती नोकरी मिळाली. वैमानिक होण्याचं स्वप्न मोडल्याचं दुःख त्यांनी आत्मचरित्रात लपवलेलं नाही. पण दुसरी मुलाखत दिलेली होती, हा तपशील सांगणारे वक्ते फार कमी भेटतात.

या गोष्टी ऐकवून मुलाला सांगितलं जातं, की मोठी माणसंसुद्धा नापास झाली होती, तूही मोठा होशील. बहुतेक मुलं आईनस्टाईन होणार नाहीत आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून या धीराचा परिणाम उलटा होतो. मुलाला वाटतं, आता अपयशाची भरपाईसुद्धा असामान्य काहीतरी करूनच करावी लागणार. त्या गोष्टींतली वेबर, विंटेलर आणि नारायण अय्यर ही माणसं पुढे आणली तर सांगायचा मुद्दा बदलतो. तो मुलापेक्षा मोठ्यांना उद्देशून होतो: या घरात, या शाळेत, या गावात या मुलासाठी वेबर कोण होणार?

मराठीत एक एकाक्षरी शब्दयोगी अव्यय आहे, ‘च’. ‘मला मेडिकलला प्रवेश मिळावा’ आणि ‘मला मेडिकललाच प्रवेश मिळालाच पाहिजे’ या दोन वाक्यांत फरक मुख्यतः ‘च’चा. अमेरिकी मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात जी उपचारपद्धती मांडली, तिचा कणा हाच फरक आहे. इच्छा आणि हट्टाग्रह यांतलं अंतर. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं, खूप वाईट वाटतं, आणि ते योग्यच असतं. आग्रह पुरा झाला नाही तर माणूस स्वतःला निकामी ठरवतो. ही पद्धत ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ या नावाने मराठीत रुजवण्याचं मोठं काम कि. मो. फडके यांनी केलं, आणि ठाण्याच्या आयपीएच संस्थेच्या माध्यमातून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती विद्यार्थी आणि पालकांपर्यंत नेली. तिचा एक फायदा असा, की ती मुलाला ‘दुःख करू नकोस’ असं सांगत नाही. दोन वर्षं पहाटे उठून केलेल्या गोष्टीचं दुःख होणारच. दोन दिवस जेवण नको वाटणं, मैत्रिणीचा फोन न उचलणं, आंघोळीला गेल्यावर रडणं, हे सगळं झालेल्या नुकसानीला साजेसं आहे. ही पद्धत फक्त दुःख आणि स्वतःचा धिक्कार यांच्यामध्ये रेघ ओढते.

हा ‘च’ मुलाच्या मनात आपोआप उगवत नाही. आठवीत फाउंडेशन कोर्स लावताना, दहावीनंतर लातूरला किंवा कोटाला खोली घेताना, मामाने ‘आमची डॉक्टरीण’ अशी हाक मारताना तो एकेक वाक्याने पेरला जातो. लातूरच्या ट्यूशन एरियात नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव अशा भागांतून हजारो मुलं येतात. त्यातल्या पुष्कळांच्या घरी शेती आहे आणि फीचे पैसे उभे करण्यासाठी काय काय केलं, हे मुलाला माहीत असतं. तिथे ‘च’ लाडातून आलेला नसतो, गरजेतून आलेला असतो. म्हणून ‘अपेक्षा ठेवू नका’ असा शहरी सल्ला अशा बापाला देणं अन्यायाचं आहे. त्याला सांगायला हवं ते असं: अपेक्षा ठेवा, पण दुसरा रस्ता कुठला हेही परीक्षेच्या आधी, शांतपणे, मुलाबरोबर बसून ठरवा. जानेवारीत ठरवलेला दुसरा रस्ता मुलाला पर्याय वाटतो. जूनमध्ये सांगितलेला तोच रस्ता त्याला शिक्षा वाटतो.

मोठ्या कॉलेजात प्रवेश हुकल्याने नेमकं किती नुकसान होतं, याचा अभ्यास झालेला आहे आणि त्याची उत्तरं एकाच बाजूची नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अमेरिकेत बॉस्टन आणि न्यूयॉर्क इथल्या परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या नामांकित सरकारी शाळांचा अभ्यास अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या अर्थतज्ज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. कटऑफच्या जेमतेम वर राहून आत गेलेली मुलं आणि जेमतेम खाली राहून बाहेर राहिलेली मुलं यांची त्यांनी तुलना केली. पुढच्या परीक्षांतल्या कामगिरीत दोघांमध्ये फरक जवळजवळ नव्हता. मुलं हुशार होती म्हणून शाळा नामांकित दिसत होती. भारतात मात्र शीतल सेखरी यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुसरी गोष्टही दिसली. नामांकित सरकारी महाविद्यालयात प्रवेश मिळालेल्यांचं शिक्षण बाकीच्यांपेक्षा अधिक चांगलं झालं असं अंतिम परीक्षेच्या गुणांवरून दिसलं नाही, तरीही त्यांना पगार जास्त मिळाला. म्हणजे ज्ञानाचं नुकसान होत नाही, पण नावाचं होतं आणि बाजारात नावाला किंमत आहे. ‘कॉलेजने काही फरक पडत नाही’ असं मुलाला सांगणं म्हणूनच खोटं आहे. मुलांना ते खोटं लगेच कळतं आणि मग पुढचं खरं बोलणंही ती ऐकत नाहीत.

तिसरा अभ्यास याहून बोलका आहे. वांग, जोन्स आणि वांग या संशोधकांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या तरुण वैज्ञानिकांची पाहणी मांडली. सरकारी संशोधन निधी ज्यांना थोडक्यात मिळाला ते एका बाजूला, ज्यांचा थोडक्यात हुकला ते दुसऱ्या बाजूला. हुकलेल्यांपैकी जे टिकले, त्यांनी पुढे मिळालेल्यांपेक्षा सरस काम केलं. वर्तमानपत्रांतून एवढाच निष्कर्ष फिरला. पण त्याच अभ्यासात हेही आहे, की हुकलेल्यांतले काही जण त्या क्षेत्रातून कायमचे बाहेर पडले. अपयश सर्वांना कणखर करतं हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. तिथून पुढे प्रश्न उभा राहतो तो टिकण्याचा, आणि टिकायला घरभाडं, वेळ आणि मागे उभं राहणारं माणूस लागतं.

आता ज्या निर्णयासाठी हे पंधरा दिवस जातात, तो. पुन्हा परीक्षा द्यायची की नाही?

तमिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या समितीने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात एक आकडा आहे. तिथे २०१६-१७ मध्ये, म्हणजे बारावीच्या गुणांवर प्रवेश होत असताना, वैद्यकीय प्रवेश मिळवणाऱ्यांत पुन्हा प्रयत्न करणारे सुमारे १२ टक्के होते. ‘नीट’ आल्यावर २०२०-२१ मध्ये ते ७१ टक्क्यांच्या घरात गेले. म्हणजे दुसरा प्रयत्न ही आता नापासांची वाट राहिलेली नाही, बऱ्याच अंशी ती मुख्य वाट झाली आहे. एका बाजूने हे मुलाला धीर देणारं आहे, कारण पुन्हा बसण्यात कमीपणा काही नाही. दुसऱ्या बाजूने ते काळजीचंही आहे, कारण या वाटेवर एक वर्ष आणि लाखभर किंवा त्याहून जास्त रुपये लागतात आणि ते सगळ्यांकडे नसतात.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी रिपीटर बॅचचे फोन सुरू होतात. त्या दिवशी घेतलेला निर्णय बहुधा लाजेने घेतलेला असतो, इच्छेने नव्हे. घरच्यांनी ते फोन आठवडाभर थांबवावेत. उत्तरपत्रिकेची प्रत आणि उत्तरसूची समोर ठेवून, ज्याला विषय कळतो अशा कुणाबरोबर मुलाने शांतपणे बसावं आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिहावं: हे येतच नव्हतं, येत होतं पण घाईत चुकलं, की अंदाजाने ठोकलं. बरोबर उत्तराला चार आणि चुकीला उणे एक अशी पद्धत असताना ठोकलेल्या उत्तरांनी किती खाल्लं, हे पाहून पुष्कळ मुलं चकित होतात. ज्याचं घाईत आणि अंदाजात गेलं, त्याला एक वर्ष उपयोगी पडू शकतं. ज्याला अर्धा अभ्यासक्रम मुळात उमगलाच नव्हता आणि त्या विषयांची ओढही नाही, त्याला तेच वर्ष पुन्हा जगायला लावणं क्रूरपणाचं आहे. आणि एक प्रश्न मुलाला आई-बाबा खोलीत नसताना विचारायला हवा: डॉक्टर व्हायचं आहे, की डॉक्टर न झाल्याचं सांगायचं नाही?

नियमही माहीत असावेत. ‘नीट’ला प्रयत्नांची मर्यादा नाही, जेईई अॅडव्हान्स्डला मात्र लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच संधी आहेत. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. क्रमांकाची हमी देऊ नये आणि मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी परत करावी, असं त्यांत आहे. पैसे भरण्याआधी हे विचारायला लाजू नये.

दुसरी दारं महाराष्ट्रात खरंच आहेत आणि ती ‘उरलेली’ म्हणून दाखवली जातात, हे दुर्दैव. त्याच ‘नीट’च्या गुणांवर आयुर्वेद, होमिओपॅथी आणि पशुवैद्यकाचे प्रवेश होतात. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे आणि गावाकडच्या मुलाला जनावरांच्या डॉक्टरची गरज पुस्तकातून शिकवावी लागत नाही. सीईटीवर औषधनिर्माण आणि कृषी आहे, नर्सिंगची वेगळी सीईटी आहे. इंजिनीअरिंगमध्ये पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयआयटीचं दार बारावीनंतर एकदाच उघडतं हाही समज खरा नाही. तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करून ‘जॅम’मधून एम.एस्सी.ला आणि कोणत्याही इंजिनीअरिंग कॉलेजातून ‘गेट’मधून एम.टेक.ला तिथे जाता येतं. हे सगळं बारावीच्या वर्गात डिसेंबरमध्ये सांगितलं गेलं पाहिजे. कॅप राउंडचा अर्ज भरायच्या आदल्या रात्री सायबर कॅफेत नव्हे.

काही मुलांसाठी मात्र हे पंधरा दिवस धोक्याचे असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं आणि राज्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातले होते. परीक्षेतलं अपयश हे कारण २,२४८ मृत्यूंपुढे नोंदलं गेलं. एका मृत्यूचं कारण सहसा एकच नसतं आणि अशा नोंदी ते फार सोपं करून टाकतात. तरीही या संख्येसमोर ‘आजकालची मुलं फार हळवी’ हे वाक्य कुणी उच्चारू नये. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात देशभरासाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि गुणांवरून मुलांच्या वेगळ्या बॅच पाडू नयेत, हे त्यांत आहे. आपल्या मुलाच्या क्लासमध्ये तो समुपदेशक आहे का, हे पालकांनी फी भरताना विचारलं, तर न्यायालयाचा कागद लवकर खाली उतरेल.

घरात लक्ष ठेवायचं ते सोपं आहे. दुःख दिवसागणिक थोडं थोडं हलतं. आज जेवला नाही, उद्या अर्धी पोळी खाल्ली, परवा मित्राबरोबर कट्ट्यावर जाऊन आला. दोन आठवडे काहीच हललं नाही, झोप उडाली, स्वतःच्या वस्तू वाटून टाकायला लागला, ‘माझ्यामुळे तुमचं वाटोळं झालं’ किंवा ‘मी नसतो तर बरं’ अशा अर्थाचं काही बोलला, तर थांबू नये. त्याला एकटं सोडू नये, ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का’ असं सरळ, हळू आवाजात विचारावं आणि डॉक्टरकडे न्यावं. असं विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट, मनात असलेलं बोलायला त्याला वाट मिळते. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. हा क्रमांक निकालाच्या आधीच फ्रिजवर चिकटवून ठेवावा, गॅस एजन्सीच्या नंबरशेजारी, म्हणजे त्याच्याकडे पाहताना कुणाला अवघडल्यासारखं होणार नाही.

आणि नातेवाइकांचे फोन. निकालाच्या संध्याकाळी येणारा ‘काय झालं गं पोराचं?’ हा फोन बहुतेक घरांत मुलाच्या हातात दिला जातो, ‘घे, आत्याशी बोल’ म्हणून. मूल आपल्या अपयशाचा पाढा आठ-दहा वेळा वाचतं आणि प्रत्येक वेळी पलीकडून एक उसासा ऐकतं. तो फोन बाबांनी घ्यावा. निकाल लागला, मनासारखा नाही, पुढचं आम्ही सगळे बसून ठरवतोय, एवढं सांगावं. मग आत्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं विचारावं, ती चालायला लागली का, जिना चढता येतो का, आणि बोलणं जरा लांबलं तरी लांबू द्यावं. आतल्या खोलीत दार लोटून बसलेल्या पोराला ते ऐकू जात असतं.